रात्रपाळीची गिटार

हेडफोन ॲम्प कुठला घ्यावा असं चार गिटारवाल्यांना विचारा, चौघंही टोनवर सुरू होतात. हा व्हॉक्ससारखा वाजतो, तो मार्शलसारखा, त्याचा क्लीन आवाज लई भारी वगैरे. बरोबरच आहे म्हणा. पण माझ्या यादीत टोनचा नंबर चौथा लागला. का, ते सांगतो.

मी राहात्यात घरून काम करतो. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे शेवटचा कॉल संपेपर्यंत रात्रीचे साडेदहा. पुढचा तास-दीड तास गिटारचा. पलीकडच्या खोलीत आई झोपलेली, मधली भिंत चार इंची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा आहे 45 डेसिबल. ॲम्प राहू द्या, आमचा जुना कूलरसुद्धा या परीक्षेत नापास होईल :-)

इथपर्यंत सगळं नेहमीचंच. पण ज्या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री-फेज रात्रीची असते, त्या आठवड्यात अण्णा मळ्यात जातात. अर्ध्या पेरूच्या बागेला ठिबक झालंय, राहिलेल्या अर्ध्याला अजून दारं धरावी लागतात. वय 68. बांधापलीकडे ऊस, आणि आपल्या जिल्ह्यात उसात बिबट्या ही काही बातमी राहिलेली नाही. मी येतो म्हटलं की, "तू तुझं कॉम्प्युटरचं बघ." मग ते परत येईपर्यंत मी जागा. म्हणजे रियाझ कसला, ती राखणच. आवाज बाहेर जायला नको हे खरं, पण फाटक वाजलं, फोन वाजला, आईनं हाक मारली, तर मला ते ऐकू यायलाच हवं.

आता पर्याय बघू.

पहिला, फुकटातला: गिटार न जोडताच वाजवायची. सॉलिड बॉडी गिटारचा आवाज तसाही फार होत नाही. पण तो नीट ऐकू यावा म्हणून उजवा हात नकळत जोर लावतो, आणि डिस्टॉर्शनमध्ये नको असलेल्या तारा दाबून धरायची सवय तर लागतच नाही. बोटं पळतात, कान शिकत नाही.

दुसरा, लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस. 48,000 हर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे 2.7 मिलिसेकंद. जाण्यायेण्याचे, ड्रायव्हरचे धरून समजा 10 झाले. हवेत आवाज तेवढ्या वेळात साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून दहा-बारा फुटांवर उभं राहिल्यासारखं. चालतंय. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकायची परवानगी नाही, आणि नऊ तास स्क्रीन बघून परत स्क्रीन? नको.

तिसरा, खिशातला ॲम्प. ही कल्पना तशी जुनी. 'बॉस्टन' बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनियर, पोलरॉइडमध्ये नोकरी करणारा. त्यानं 1982 साली 'रॉकमन' काढला. बँड गाजला तरी आतला इंजिनियर काही गप्प बसला नाही, हे वाचून आपल्यालाही जरा बरं वाटतं. पुढे 2007 मध्ये व्हॉक्सचा 'ॲमप्लग' आला, थेट गिटारच्या जॅकमध्ये खुपसायचा, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारा. मग फेंडरचा 'मस्टँग मायक्रो', 2024 मध्ये बॉसचा 'कटाना गो'. हे दोन डिजिटल, चार्जिंगवाले, आत इफेक्ट भरपूर.

इथे एक खुलासा. मस्टँग मायक्रोसारख्या डबीत ब्लूटूथ असतं ते फोनवरचा बॅकिंग ट्रॅक आत घ्यायला. हेडफोन वायरचाच लावायचा. साधा ब्लूटूथ हेडफोन शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे राहतो. गाणं ऐकताना कळत नाही, वाजवताना मात्र आपलाच हात आपल्याला परका वाटतो.

मी घेतला साधा ॲनालॉग प्लग. बूट होणं नाही, ॲप नाही, अपडेट नाही. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. (लाईट गेली तरी वाजतो. पण इन्व्हर्टर सुरू झाला की सिंगल कॉइल पिकअप भुणभुणतो, त्याला ॲम्प काय करणार! खुर्ची थोडी फिरवून बसलं की भुणभुण कमी होते.)

खरा विचार लागला तो हेडफोनला. एक कान उघडा ठेवायचा, असं बरेच जण करतात. पण मग दुसऱ्या कानात आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 89 ला उरतात 5 तास. माझा आठवड्याचा रियाझच त्याहून जास्त. म्हणून ओपन बॅक घेतला, मागे जाळी असलेला. त्यातून थोडा आवाज बाहेर झिरपतो, पण भिंतीपलीकडे पोचत नाही, आणि घरातला आवाज मात्र आत येतो. फक्त 32 ओहमच्या आसपासचा बघून घ्या. 250-300 ओहमचे ओपन बॅक चांगले असतात, पण दोन सेलवरच्या डबीला ते ओढवत नाहीत.

टोन? बरा आहे. जास्त गेनला थोडी सळसळ येते. दुकानात सगळं शेजारी ठेवून ऐकलं असतं तर कदाचित दुसरं काही आवडलं असतं. पण दुकानात फाटक नसतं ना.

गेल्या आठवड्यात थ्री-फेज रात्रीचीच होती. एका लिकचे चार बार जवळजवळ बसले. साडेबाराच्या पुढे फाटकाची कडी वाजली, मग हौदावर पाय धुतल्याचा आवाज. मी प्लग काढला. अण्णांनी दारातून डोकावून विचारलं, "अजून जागाच?"

"प्रॅक्टिस चालू होती," म्हटलं.