दाबातला प्राणवायू

सोड्याची बाटली फोडली की वायू फसफसत बाहेर येतो. दाबामुळेच तो पाण्यात विरघळलेला असतो. प्राणवायूही रक्तरसात असाच विरघळवता येतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या डॉ. बोरेमांनी १९६० साली रक्तपेशी जवळजवळ काढून घेतलेली डुकरे दाबकोठीत जगवून दाखवली. मधुमेहाच्या चिघळत्या जखमांनाही आता हीच कोठी: निव्वळ प्राणवायू, दाब हवेच्या दुप्पट-अडीचपट, दीड-दोन तासांच्या तीसेक बैठका. गुण सर्वांनाच येतो असे नाही.

इकडे कारापुरात आमच्या दादांची टाच चार महिने भरत नाही. मुंबईत महिनाभर राहायचे कुठे, हा वहिनींचा प्रश्न मला कोठीहून अवघड वाटतो. रक्तवाहिनीच तुंबली असेल तर प्राणवायू जखमेपर्यंत पोचायचा कसा? ती आधी तपासा, असे डॉक्टर म्हणाले. सोमवारी तपासणी आहे.