घडी चुकली म्हणजे

बोलोन्याला निघताना आमच्या सौभाग्यवतींनी दोन छत्र्या बरोबर घेतल्या होत्या. दोन्ही जशा गेल्या तशाच कोरड्या घरी परत आल्या. उत्तर इटलीतल्या या शहराने पावसावर फार जुना तोडगा काढून ठेवला आहे. रस्त्याच्या कडेने कमानींची ओवरी सुरू होते, आणि एक ओवरी संपते न संपते तोच दुसरी आपल्याला हाताला धरून पुढे नेते. 2021 साली युनेस्कोने या ओवऱ्यांना जागतिक वारशाचा मान दिला.

माझी भाची इथे संशोधनासाठी राहते. तिच्या आग्रहावरून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पंधरा दिवस तिथे राहून आलो. पहिल्याच दिवशी बाजारातल्या एका दुकानापाशी सौभाग्यवती थबकल्या. काचेआड एक आजीबाई कणकेच्या चिमुकल्या चौकोनात सारण भरून, त्याची घडी घालून, दोन्ही टोके बोटाभोवती वळवून जोडत होत्या. त्याला म्हणतात तोर्तेलिनी.

"अगं बाई, ही तर करंजीचीच धाकटी बहीण!" सौभाग्यवती म्हणाल्या. आत डुकराचे मांस असते असे कळल्यावर हे नाते त्यांनी तत्काळ तोडले, ती गोष्ट वेगळी.

भाची हसून म्हणाली, "मामी, माझा अभ्यासही घड्यांचाच आहे. पण चुकलेल्या घड्यांचा."

तो अभ्यास तिने आम्हाला समजावला तो जुन्या विद्यापीठाच्या शवविच्छेदनगृहात. सतराव्या शतकातले हे लाकडी सभागृह 1944 च्या बाँबहल्ल्यात कोसळले होते. ढिगाऱ्यातून सापडतील ते तुकडे वेचून ते पुन्हा उभे केले. मध्ये संगमरवरी टेबल, भोवती बाके, आणि प्राध्यापकाच्या आसनावरचे छत तोलून धरणारे, कातडी सोललेल्या दोन माणसांचे लाकडी पुतळे. अध्यापनाच्या धंद्यातला असूनही त्या आसनाचा मोह मला झाला नाही.

"1984 साली," भाची सांगू लागली, "या शहरातल्या निद्रारोगतज्ज्ञांकडे एक त्रेपन्न वर्षांचे गृहस्थ आले. त्यांची झोप नाहीशी होत चालली होती. त्यांच्या दोन बहिणी आणि घराण्यातले कितीतरी लोक असेच गेले होते. आजार सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांत तेही गेले."

एलिओ लुगारेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गृहस्थांचा मेंदू तपासला. मेंदूच्या खोल गाभ्यात थॅलॅमस नावाचा भाग असतो. त्यातली नेमकी दोन केंद्रे झिजून गेली होती. 1986 साली त्यांनी या रोगाची हकीकत प्रसिद्ध केली. घातक आनुवंशिक निद्रानाश असे त्याचे नाव. त्याचे मूळ 1992 साली सापडले.

आपल्या शरीरातली प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. माळ नीट घडी घालून बसली म्हणजे ती कामाला लागते. प्रिऑन नावाच्या प्रथिनाची मूळ माळ 253 मण्यांची असते. या घराण्यात तिचा 178 वा मणी बदललेला आहे. एवढ्या एका मण्यापायी कधीतरी, बहुधा ऐन मध्यमवयात, घडी चुकते. गंमत म्हणजे 129 व्या जागी मेथिओनीन असेल तर या चुकीने झोप जाते, आणि व्हॅलिन असेल तर त्याच चुकीतून क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाचा वेगळाच मेंदूरोग होतो. "दिन" आणि "दीन" यांतल्या वेलांटीसाठी वीस वर्षे विद्यार्थ्यांचे गुण कापत आलो, पण निसर्ग माझ्याहून कडक परीक्षक निघाला!

"पण एका चुकीने सारा मेंदू कसा बिघडेल?" मी विचारले.

उत्तर दिले सौभाग्यवतींनी. "कढईत एक करंजी फुटली की सारण तुपात उतरतं आणि पुढचा सगळा घाणा काळवंडतो, तसंच ना?"

"त्याहून वाईट," भाची म्हणाली. "इथे फुटलेली करंजी शेजारणीलाही आपल्यासारखी चुकीची घडी घालायला लावते. मग ती तिच्या शेजारणीला." ही कल्पना मांडणाऱ्या स्टॅन्ली प्रुसिनर यांना 1997 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग जरा थांबून ती म्हणाली, "आजीच्या आजारातही घड्याच चुकतात, मामा. प्रथिनं तेवढी निराळी, अमायलॉइड आणि टाऊ. पार्किन्सनमध्ये आल्फा-सिन्युक्लीन."

तिची आजी म्हणजे माझी आई. गेली चार वर्षे तिला अल्झायमर आहे. मला ती कधी माझ्या नावाने हाक मारते, कधी माझ्या वडिलांच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडीवरच्या सान लुका देवळाकडे चालत गेलो. वाट जवळजवळ चार किलोमीटर, आणि वर 666 कमानींची सलग सावली. चढण लागल्यावर मी हळूच विचारले, "त्या घराण्यातली पुढची पिढी काय करते गं?"

"रक्त तपासलं की कळतं. आईबापांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा. पण पुष्कळांना कळून घ्यायचंच नसतं, कारण अजून खात्रीचा उपाय नाही." मग तिने एका प्रयोगाची हकीकत सांगितली. अशा एका घराण्यात डॉक्सिसायक्लिन हे जुने औषध रोग टाळते का, हे इटालियन संशोधकांना पाहायचे होते. फक्त दोष असलेल्यांना बोलावले असते तर बोलावणे हाच निकाल ठरला असता. म्हणून दोष असलेले दहा आणि नसलेले पंधरा अशा पंचवीस जणांना घेतले. दहांना औषध आणि पंधरांना नुसती पोकळ गोळी. आपण कोणत्या गटात आहोत हे कोणालाच सांगितले नाही. पंधरा निरोगी माणसे भावंडांची झाकली मूठ झाकली राहावी म्हणून गोळ्या घेत होती!

"मामा, तुम्हाला कळून घ्यायचं असतं का?"

अल्झायमर बहुतेकांत असा सरळ वारशाने येत नाही, हे तिनेच मला सांगितले होते. तरीही देऊळ येईपर्यंत मला उत्तर देता आले नाही. पुढल्या कमानी मी मुकाट्याने मोजीत राहिलो.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी करंज्यांचा घाट घातला आणि आईला पाटावर बसवले. लाटी हातात येताच तिने सारण भरले, घडी घातली आणि अंगठ्याने मुरड घालीत गेली. एक मुरड चुकली नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आपण कोण? बसा ना, गरम करंजी खाऊन जा."

मी बसलो. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर अजून मजपाशी नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तासभर मी आईजवळ बसतो. त्यासाठी मात्र कोणत्याही तपासणीची वाट पाहण्याचे कारण नव्हते.