केतुबा आणि यादी

आमच्या नागपुरात लग्न ठरलं की पहिला कागद यादीचा. सभागृह कुणाकडे, जेवणावळ कुणाकडे, विहिणीच्या मानाची साडी कशी हवी. घर महालातलं असो की धरमपेठेतलं, साक्षगंधाच्या आधी ही बैठक बसतेच. ज्या मुलीसाठी एवढा खटाटोप, तिला नवऱ्याकडून काय मिळणार हे मात्र त्या कागदावर नसतं.

म्हणून बेने इस्राएलांच्या लग्नातला कागद मला फार आवडतो. बेने इस्राएल म्हणजे आपले मराठी ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची मूळकथा. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर ही आडनावं वाचत गेलं की अर्धा रायगड जिल्हा फिरून होतो.

त्यांच्या लग्नाची तयारी कुठल्याही मराठी घरात शोभेल अशी. नवरीच्या हातात हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत. मेंदीच्या रात्री घर बायकांनी आणि गाण्यांनी भरलेलं; मेंदी नवरदेवालाही लागते, उजव्या हाताच्या तर्जनीला. मग मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं असं ताट मांडून एलियाहू हान्नाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, स्मरण करायचं. देव हिब्रूतला आणि प्रसाद कोकणातला! पोह्यांवर जीव टाकणाऱ्या आम्हा नागपूरकरांना हा धर्म पटायला वेळ लागू नये.

लग्न शनिवारी लागत नाही. नवरी सिनेगॉगमध्ये पाऊल टाकते तेव्हा नवरदेव स्वतः तिच्या स्वागताचं हिब्रू गीत गातो. त्यात तिला पारवीची उपमा आहे. (आपल्याकडे मंगलाष्टकं म्हणायची पाळी नवरदेवावर आली तर किती मुहूर्त टळतील!) द्राक्षरसाचा प्याला होतो, तर्जनीत अंगठी जाते, आणि मग सगळ्यांसमोर केतुबा वाचला जातो.

केतुबा म्हणजे नवऱ्यानं बायकोला लिहून दिलेला करार. अन्न, वस्त्र आणि सहवास ही तीन देणी नवऱ्याकडे. तोरेतच, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच, ती सांगितली आहेत. शिवाय तो गेला किंवा त्यानं सोडलं, तर तिला द्यायची रक्कम. जुन्या मसुद्यात कुमारी वधूसाठी ती 200 झूझ, म्हणजे जुनी चांदीची नाणी, असते. साक्षीदार सह्या करतात आणि कागद नवरीच्या ताब्यात जातो. ऐन मांडवात मरणाचं आणि काडीमोडाचं बोलणं आपल्याला अशुभ वाटेल. मला ते शहाणपणाचं वाटतं. अर्थात सगळंच बायकोच्या बाजूचं नाही: घटस्फोटाचा लेख, ज्याला गेट म्हणतात, तो आजही नवऱ्यानंच द्यावा लागतो.

या कागदाला समाज मात्र लागतो. सात आशीर्वाद म्हणायचे तर परंपरेनं दहा प्रौढ ज्यू पुरुष हवेत. 1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. आता भारतात उरले ते काही हजार, तेही मुख्यतः मुंबई-ठाण्याकडे. विदर्भात राहणाऱ्याला लग्नासाठी पश्चिमेची गाडीच धरावी लागते. आणि जे गेले त्यांचीही लग्नं सुखासुखी लागली नाहीत. तिथल्या धर्मपीठानं 1962 साली त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय इतर ज्यूंशी लग्न लावू नये असा फतवा काढला. कोकणातून गेलेल्या या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि 1964 मध्ये इस्राएल सरकारला ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं.

आमच्याकडे अशी चौकशी करायला धर्मपीठ लागत नाही, मामा-आत्या पुरेशा असतात. त्यांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या बैठकीत जेवणाच्या ताटांचा हिशेब झाला की कागद उलटा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवरदेवाकडून त्याची तीन देणी लिहून घ्या.