जोडी बदलताना

आमच्या पिढीतल्या एखाद्या रेकॉर्डवेड्या माणसाने स्पीकर बदलायचे ठरवले, की त्याची कुणकुण सगळ्या मित्रमंडळाला आधीच लागायची. पैसे साठायला दोन-तीन वर्षं जायची, त्यामुळे बेत लपून राहणं शक्यच नसे. कोण आपली जोडी काढतोय, कुणाचा मेहुणा मस्कतहून येतोय, लॅमिंग्टन रोडवर कुठल्या दुकानात काय उतरलंय, या बातम्या हातोहात फिरायच्या. १९९१ च्या आधी परदेशी स्पीकर सरळ दुकानात जाऊन घेता येत नव्हते. ते यायचे कुणाच्या तरी सामानातून, ड्यूटी भरून. नाहीतर हिरा पन्ना किंवा मनीष मार्केटमधून, चढे पैसे मोजून. बाकीच्यांना फिलिप्स होता, कॉस्मिक होता, कोलकात्याचा सोनोडाइन होता. तेही जमत नसेल, तर पीअरलेसचे सुटे वूफर आणि ट्वीटर आणायचे आणि खोकी सुताराकडून करून घ्यायची.

आता ब्रँड बदलायला एक संध्याकाळ पुरते. पाच जोड्यांचे आलेख समोर ठेवायचे, खोलीच्या मापाला कुठली बसेल ते पाहायचं, पैसे भरायचे. तिसऱ्या दिवशी खोकं दारात येतं. नाही आवडलं तर बऱ्याचदा परतही जातं. ही सोय आम्हांला तेव्हा मिळाली असती तर कितीतरी घरांतले वर्षानुवर्षांचे पस्तावे टळले असते, हे मी मनापासून म्हणतो.

पण नवी जोडी घरी आल्याची ती संध्याकाळ आठवते, आणि ती आजच्या कुठल्याही सोयीत सापडत नाही. जुनी जोडी लगेच हलवायची नाही, नवी तिच्या शेजारी ठेवायची. खाली स्टुलं, स्टुलं डगमगली तर विटा. वायरींची टोकं दातांनी सोलायची, तांब्याचे केस चिमटीत पिळायचे, लाल लालला, काळी काळ्याला. खोकं घरगुती असलं तर खुणांवर भरवसा नसायचा. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरींना क्षणभर टेकवायचा. वूफरचा कोन बाहेर उडाला तर ठीक, आत गेला तर वायर उलटी. एका बाजूची जरी उलटी राहिली, तरी दोन्ही बाजूंचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. हे तंत्र आम्हांला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. कुणाच्या तरी घरी, अशाच संध्याकाळी, गुडघ्यांवर बसून ते हाताला आलं.

मग रेकॉर्ड निघायची, आणि ती नेहमीचीच. नव्या स्पीकरवर नवी रेकॉर्ड लावायची नाही, हा अलिखित नियम होता. कुणी किशोरीताईंचा भूप आणायचा, कुणी भीमसेनजींची दरबारी. मधली जागा, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावरची, सर्वांत वयस्क माणसाला दिली जायची. आणि प्रत्येक जण वेगळं ऐकायचा. तबला शिकलेला डग्ग्याकडे कान लावायचा, पेटीवाला पेटीच्या भात्याकडे, कुणी फक्त तंबोऱ्याच्या जवारीकडे. एकाने म्हणायचं, “मींड आता पूर्ण दिसतेय.” दुसऱ्याने म्हणायचं, “पण डग्गा फुगलाय.” मग तोच तुकडा पुन्हा. जुन्या जोडीवर एकदा, नव्या जोडीवर एकदा.

तो निवाडा कितपत खरा होता, हे आज मला माहीत आहे. फारसा नव्हता. जी जोडी थोडी मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते. फरक एखाद्या डेसिबलचा असेल तर तो मोठेपणा म्हणून जाणवतच नाही, गोडवा म्हणून जाणवतो. एका वॉटला ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी ९० देणारा लावला, तर आवाजाचं बटण तिथंच ठेवून अडीचपट वॉट दिल्यासारखं होतं. आम्ही आवाज सारखा करून कधी ऐकलंच नाही. त्यामुळे कित्येकदा जिंकला तो जास्त जोरात वाजणारा स्पीकर.

खर्जाचं तर याहून वाईट. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. आणि ज्या खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत आठ फुटांचं अंतर आहे, ती खोली स्वतःच ७० हर्ट्झच्या आसपास घुमते. आमच्या घरांतल्या आतल्या खोल्या आठ-दहा फुटांच्याच. म्हणजे “काय खर्ज आहे!” म्हणून आम्ही ज्याला दाद देत होतो, त्यातला बराचसा भाग स्पीकरचा नव्हता, भिंतींचा होता. सुताराने अंदाजाने केलेली खोकी त्यात भर घालायची. खोक्याचं घनफळ आणि वूफरचे गुणधर्म यांचं गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं, पण ते आमच्या पेठेतल्या सुतारापर्यंत आलं नव्हतं. त्याने सागवानी विनियर मात्र असं लावलेलं असायचं की सांधा दिसू नये.

आज फोन किंवा छोटा मायक्रोफोन बसायच्या जागी धरला, की यंत्र खोली मोजतं आणि भिंतींनी फुगवलेला खर्ज कापून टाकतं. जो डग्गा आम्हांला वर्षानुवर्षं एका घुमाऱ्याच्या स्वरूपात ऐकू आला, त्यात मनगटाचा दाब आणि बोटांचा ठोका वेगळा कळतो. तीच जुनी रेकॉर्ड, डिजिटल होऊन, अशा दुरुस्त खोलीत ऐकली आणि गायकाच्या मागे बसलेल्या साथीच्या आवाजाची जागा पहिल्यांदा कळली. हे मिळवण्यासाठी आमच्या पिढीने काहीही दिलं असतं.

ब्रँडचं वेडही तेव्हा वेगळं होतं. वॉर्फडेल म्हणजे यॉर्कशरचे गिल्बर्ट ब्रिग्ज, ज्यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरल्या सभागृहापुढे जिवंत वादन आणि त्याचं ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ऐकवलं होतं. केईएफ म्हणजे तिथूनच बाहेर पडून १९६१ मध्ये स्वतःची कंपनी काढणारे रेमंड कुक. ब्रँड बदलला की आवाजाची एक विचारधारा बदलली, असं आम्ही मानायचो. आता वॉर्फडेल चिनी समूहाकडे आहे, केईएफ १९९२ पासून हाँगकाँगच्या मालकीची. जेबीएल २०१७ मध्ये तिची मालक कंपनी हरमन हिच्याबरोबर सॅमसंगकडे गेली, आणि २०२५ मध्ये बॉवर्स अँड विल्किन्सही हरमनच्या घरात आली. जेबीएल टाकून बॉवर्स घेणारा आज मालक तोच ठेवतो. अभियंते वेगळे आहेत, आवाजही वेगळे आहेत, तरी भांडायला लागणारी ती जुनी ठिणगी पडत नाही. अपवाद आहेत. आमच्या पुण्यातल्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले, याचा अभिमान इथल्या शौकिनांना अजून आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त हुरहूर लागते ती स्वयंपाकघरातल्या कानांची. बैठकीत आम्ही स्पीकरसमोर रांगेत बसलेलो, नाव दिसतंय, किंमत ठाऊक आहे, आणणाऱ्याचे कष्ट ठाऊक आहेत. कोण वाईट म्हणणार? पण आत पोळ्या लाटणाऱ्या बाईला यातलं काही दिसत नसे. कधी गाणं शिकलेली आई असायची, कधी बहीण, कधी बायको. कुठली जोडी वाजतेय हे तिला कळायचं नाही, आणि आतून आवाज यायचा, “आता लावलेलं राहू दे, माणूस गातोय असं वाटतं.” बहुतेक वेळा तोच निकाल पुढे खरा ठरायचा. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी चाळीस श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा दिसणाऱ्या स्पीकरना मिळालेले गुण आणि न दिसणाऱ्यांना मिळालेले गुण यांत मोठा फरक निघाला. आमच्या घरांत तो पडदा म्हणजे स्वयंपाकघराची भिंत होती. शिवाय तिच्यापर्यंत पोचायचा तो बाजूने आणि भिंतींवरून फिरून आलेला आवाज, आणि चांगल्या स्पीकरची ओळख त्या आवाजावरूनही होते, हे टूल यांनीच पुराव्यांनिशी दाखवलं. त्या बायकांना मधल्या जागेवर बसायला आम्ही फारसं बोलावलं नाही, हे त्या काळाचं कुरूप अंग. त्याचा विसर पडून जुनं गोड वाटत असेल, तर ती गोडी खोटी आहे.

आज घरात बाई स्वतःची जोडी स्वतः निवडते, आणि ते योग्यच आहे. फक्त निवडणारा कुणीही असो, तो एकटा निवडतो. त्याच्या समोरचा आलेख २० किलोहर्ट्झपर्यंत जातो, पण आमचे कान तिथवर जात नाहीत. साठीच्या आसपास आमच्यातल्या बहुतेकांचे कान बारा-तेरा किलोहर्ट्झच्या पलीकडचं फारसं ऐकत नाहीत. आता तर दुसऱ्याच्या, तरुण कानांची गरज जास्त आहे. पण ते कान हेडफोनमध्ये असतात. आणि तो तुकडा पुन्हा लावा म्हणणारं कुणी नसल्यामुळे तो पुन्हा लागत नाही. भूपातला गंधार आम्हांला जो थोडाफार कळला, तो गंधारासाठी म्हणून ऐकून कळला नाही. दोन स्पीकरांपैकी कुठला बरा, या वादात तो पुन्हा पुन्हा ऐकावा लागला म्हणून कळला.

आणि जुनी जोडी. ती टाकून देणं कुणाच्या मनातही यायचं नाही. ती ठरलेली असायची: धाकट्या भावाला, नव्याने नोकरीला लागलेल्या भाच्याला, अगदीच कुणी नसलं तर वाड्याच्या गणपतीला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फोमची कड भुगा होऊन गळायची. मग बुधवार पेठेत नाहीतर लॅमिंग्टन रोडवर कारागीर ती कड बदलून द्यायचा, व्हॉइस कॉइल जळली असेल तर नवी गुंडाळून द्यायचा, आणि जोडी पुढच्या घरी जायची. एकाच जोडीवर तीन घरांची मुलं गाणं ऐकत मोठी झालेली मी पाहिली आहेत. आताच्या वायरलेस जोडीत ॲम्प्लिफायर आत, बोर्ड आत, आणि चालवायला ॲप. कोन धडधाकट असतो, पण बोर्ड गेला आणि तो मिळेनासा झाला, किंवा ॲपला कंपनीने सोडून दिलं, की ती जोडी भाच्याला देता येत नाही. जुन्या कॉस्मिकला कुठल्याही ॲम्प्लिफायरमधून आलेल्या दोन वायरी पुरायच्या, आणि आजही पुरतात.