पाकिटातले पाकीट

आमच्या मराठी विभागातील हस्तलिखितांची सूची ज्या जुन्या संगणकावर आहे, त्याला आंतरजालाची एकच बोली कळते: १९८१ साली निश्चित झालेली इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती. तिच्यात पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपले. १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती १९९८मध्येच लिहून झाली होती. मात्र ती चौथीचा विस्तार नव्हे; दोघींना एकमेकींचे अक्षर लागत नाही. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीकडे जाणारे जाल केवळ सहावी आवृत्ती वाहणारे निघाले, आणि एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अकरा वर्षे खपून केलेली सूची तेथील विद्यार्थ्यांना दिसेनाशी झाली. सगळे नव्याने टंकून घ्या, असा सल्ला मिळाला. त्या नोंदींतले पाठभेद आणि खुणा ज्याने पाहिल्या आहेत, तो हा सल्ला देणार नाही.

उपाय दोन होते. पहिला अनुवादाचा: संदेशाचा जुना मथळा काढून नवा लावायचा. एरवी हे चालते. आमची आज्ञावली मात्र स्वतःचा पत्ता मजकुरातही लिहिते. अनुवादक मथळा बदलतो, आतला उल्लेख तसाच राहतो आणि उत्तर भलतीकडे जाते. नव्या आवृत्तीत पृष्ठांक बदलावेत आणि तळटिपांत जुनेच राहावेत, तसा हा प्रकार.

दुसरा उपाय टनेलचा. त्याला भुयार म्हणण्याचा मोह होतो, पण भुयारात गुप्तता गृहीत असते. महानुभावांची सकळ लिपी अक्षरे झाकते. येथे काहीच झाकले जात नाही. तेव्हा बोगदाच बरा. जुने पाकीट न फोडता नव्या पाकिटात घालायचे, पलीकडे वरचे काढून टाकायचे. प्रत्येक टोकाला सांगायचे ते थोडेच: आपला नवा पत्ता, समोरच्याचा नवा पत्ता, आणि कोणते जुने पत्ते या वाटेने न्यायचे. नव्या मथळ्याच्या एका रकान्यात ४ हा आकडा असतो. आत चौथी आवृत्ती आहे, एवढाच त्याचा अर्थ. वाटेवरच्या फायरवॉलला तो निराळा सांगावा लागतो. टीसीपी आणि यूडीपीला दिलेली मोकळीक येथे कामाची नाही.

एकेक नोंद येऊ लागली, लांब यादी मात्र अर्ध्यावर थांबे. वरच्या पाकिटालाही जागा लागते ना! इथरनेटच्या १५०० बाइटांतून नव्या मथळ्याचे ४० वजा जाता १४६० उरतात. लिनक्स आणखी ८ घेते, कशासाठी, तर पाकिटात पाकीट किती वेळा घालता येईल याची मर्यादा नोंदवण्यासाठी. हे वाचून आम्ही दोघे बराच वेळ हसलो. समीक्षेच्या समीक्षेलाही असे बंधन असते तर... असो. पाकीट मोठे झाल्याचा निरोप उलट धाडला जातो, पण मधला एखादा अतिदक्ष फायरवॉल तो अडवतो आणि पाठवणारा तेच पाकीट पुन्हापुन्हा पाठवत बसतो. आम्ही मर्यादेची ती चिठ्ठी बंद केली, बोगद्याचे माप १४६० ठरवले आणि टीसीपीच्या एका तुकड्यातला मजकूर १४२० बाइटांवर आणला. यादी शेवटच्या नोंदीपर्यंत आली.

ही तात्पुरती सोय आहे, असे आमच्यातील एकाचे मत. नोंदी शाबूत राहत असतील तर तात्पुरतीही पुरे, असे दुसऱ्याचे. सूचीच्या मूळ वहीत पहिल्या पानावर सरांनी संक्षेपांचा खुलासा केला आहे. त्याखाली आम्ही दोन्ही टोकांचे पत्ते आणि १४६० हा आकडा शाईने लिहून ठेवला आहे.