किल्ला आणि किल्ली

नॉर्वेची राजधानी ओस्लो हे काही जगातल्या बड्या शहरांपैकी नव्हे. वस्ती सात लाखांच्या थोडी वर. म्हणजे आपल्या सोलापूरलाही ते गाठायचे नाही. एका बाजूला फ्योर्डचे निळेशार पाणी, बाकीच्या बाजूंना रानाने झाकलेल्या टेकड्या आणि मध्ये हे टापटिपीचे शहर. सप्टेंबर २०२४ मध्ये भाच्याकडे म्हणून मी तिथे पंधरा दिवस राहिलो. पाहुण्याने पाहायच्या सगळ्या गोष्टी पाहिल्या. विगेलांडचे पुतळे पाहिले, मुंखची चित्रे पाहिली, ऑपेरा हाऊसच्या उतरत्या संगमरवरी छपरावर चालून आलो. पण मी पडलो जातीचा यंत्रवेडा. माझे लक्ष सारखे रस्त्यावरच्या गाड्यांकडे आणि त्यांच्या नंबरांच्या पाट्यांकडे.

विजेवर चालणाऱ्या गाडीचा नंबर तिथे इंग्रजी ‘ई’ अक्षराने सुरू होतो. पहिल्या दिवशी मी हौसेने मोजायला लागलो आणि दहा मिनिटांत तो नाद सोडला. जिकडे पाहावे तिकडे ‘ई’! फ्योर्ड ओलांडून समोरच्या नेसोडेनला जाणारी बोटदेखील विजेवर. चौकात उभे राहिले तर टायरांचा डांबरावर घासल्याचा आवाज तेवढा येतो. भाच्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, “मामा, इथं रस्ता कानानं ओलांडायचा नाही हं. डोळ्यांनी ओलांडायचा.”

आता किल्ला म्हटला की साताऱ्याच्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. ओस्लोच्या बंदरावर आकेर्शहुस नावाचा किल्ला आहे. त्याचे बांधकाम १३०० सालाच्या सुमाराचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माझ्यासारख्याला त्याची उंची म्हणजे पोरखेळच. पण तट भक्कम आहे आणि तटावरून पाण्याचा देखावा फार सुंदर दिसतो. मी वर तोफा पाहत होतो. भाचा म्हणाला, “मामा, तुमचं खरं देऊळ खाली आहे.” आणि त्याने मला किल्ल्याच्या पोटात नेले. जुना बाँबनिवारा तो. शत्रूच्या विमानांपासून माणसे वाचवण्यासाठी खडकात खोदलेला. आता तिथे विजेच्या गाड्या ओळीने उभ्या असतात आणि गोठ्यातल्या गाईंसारख्या मुकाट्याने चार्ज होत असतात! मी त्या थंड भुयारात बराच वेळ रेंगाळलो.

हे सारे घडले कसे, याची हकीकत मोठी गमतीची आहे. १९८९ साली ‘आ-हा’ या प्रसिद्ध नॉर्वेजियन वाद्यवृंदातले मॉर्टेन हार्केट व माग्ने फुरुहोल्मेन आणि पर्यावरणासाठी झगडणारे फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालवलेली एक छोटी फियाट पांडा देशात आणली. ती घेऊन ते टोलनाक्यावरून खुशाल टोल न भरता जाऊ लागले. म्हणणे एवढेच की, ही गाडी धूर सोडत नाही, मग टोल कसला? सरकारने गाडी जप्त केली, लिलावात काढली. लिलावात ती पुन्हा त्यांनीच घेतली आणि पुन्हा नाका ओलांडला. आपल्याकडे सत्याग्रह मिठाचा झाला, तिकडे तो टोलचा झाला.

हट्टाला फळ आले. १९९० साली या गाड्यांवरचा भारी नोंदणीकर उठला, १९९७ साली टोल माफ झाला, २००१ साली मूल्यवर्धित कर गेला, २००५ पासून बसच्या मार्गिकेतून जायला मुभा मिळाली. सदनिकेत राहणाऱ्याला आपल्या जागेवर चार्जर बसवायचा असेल, तर सबळ कारणाशिवाय सोसायटीने नाही म्हणायचे नाही, असाही कायदा २०१८ पासून आला. (हे वाक्य आमच्या सोसायटीच्या चिटणीसांनी दोनदा वाचावे.) गाड्या वाढल्या तशा सवलती हळूहळू कमीही केल्या. टोल पुन्हा अंशतः लागू झाला, २०२३ साली पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर कर बसला. तरी २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के निव्वळ विजेच्या होत्या; आणि मी तिथे होतो त्याच महिन्यात देशातल्या विजेच्या मोटारींची एकूण संख्या पेट्रोलच्या मोटारींच्या पुढे गेली.

याला दुसरी बाजू आहेच. नॉर्वेची जवळजवळ सारी वीज धबधब्यांची आणि सरकारची तिजोरी भरलेली ती समुद्रातल्या तेलाने. स्वतः वीज वापरायची आणि तेल जगाला विकायचे, हा व्यवहार मला थोडा खटकला. पुन्हा तिथल्या हिवाळ्यात बॅटरीचा पल्ला बराच घटतो. पण लोक कुरकुर करत नाहीत. गाडी रात्री घरी लावतात, सकाळी भरलेली मिळते.

किल्ल्याच्या पोटातच बोलता बोलता भाच्याने फिस्करची गोष्ट काढली. या अमेरिकन कंपनीची ‘ओशन’ नावाची देखणी गाडी ऑस्ट्रियात ग्रात्स इथे बांधली जाई. नॉर्वेतही ती विकली गेली. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता, पूर्वीही मोटारकंपन्या बुडत. कंपनी बुडाली तरी तिची मोटार कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या जिवावर पुढे वीस वर्षे धावे. पण आजची विजेची गाडी म्हणजे चार चाकांवर बसवलेला संगणक. तिच्यातल्या प्रोग्रॅममध्ये दोष निघाला, की त्याची दुरुस्ती कंपनीच्या सर्व्हरवरून हवेतून यायची. सर्व्हर बंद पडला तर मिस्त्रीने करायचे काय? त्या गाड्यांच्या मालकांनी अखेर आपली संघटना काढली आणि सुटे भाग नि सॉफ्टवेअर यांची तजवीज स्वतःच करायला घेतली. मी परतल्यावर पुढच्याच महिन्यात बातमी वाचली. न्यूयॉर्कच्या ज्या कंपनीने उरलेल्या सुमारे तीन हजार गाड्या विकत घेतल्या होत्या, तिला सांगण्यात आले की, या गाड्यांची माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर हलवताच येत नाही! पुढे न्यायालयात तडजोड निघाली. पण गाडी घेणाऱ्याच्या नावावर आणि तिची किल्ली तिसऱ्याच्याच खिशात, हे त्या निमित्ताने जगाला दिसले.

मला या गोष्टीचे अगत्य वाटायला घरचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाचे सारे फोटो एका कंपनीच्या सेवेत ठेवलेले होते. सेवा चांगली होती. एके दिवशी पत्र आले की, तीन आठवड्यांत सेवा बंद होत आहे, आपापले सामान उचला. मी दिवसरात्र बसून उतरवून घेतले. तरी शेवटचे चारेकशे फोटो आलेच नाहीत. त्यांत आईचे शेवटच्या दिवाळीतले फोटो होते. पत्रे लिहिली, उत्तर द्यायलाही कोणी उरलेले नव्हते.

त्यानंतर मी एक जुना संगणक जिन्याखालच्या कोनाड्यात बसवला. त्यावर लिनक्स घातले आणि नेक्स्टक्लाउड नावाचे मुक्त सॉफ्टवेअर चढवले. आता आमचे फोटो, कागदपत्रे, पत्ते सारे आमच्याच घरात; एक प्रत कोल्हापुरात बहिणीकडे. ‘ओपन सोर्स’ म्हणजे काय, असे गृहिणींनी विचारले की मी चकलीच्या भाजणीचे उदाहरण देतो. एक शेजारीण तयार चकल्या विकते, पण प्रमाण सांगत नाही. दुसरी चकल्याही देते आणि प्रमाणही लिहून देते. वर म्हणते, धने वाढवून पाहा आणि जमले तर मलाही कळवा. लिनक्सची भाजणी १९९१ साली शेजारच्या फिनलंडात लिनुस तोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने मळली आणि आज निम्मे जग तिच्यावर पोसले जात आहे.

या घरच्या कारभारातही कटकटी आहेत. ओस्लोत एका संध्याकाळी भाचेसुनेला नवऱ्याच्या मुंजीतला फोटो दाखवावा म्हणून मी ऐटीत घरच्या संगणकाला हाक मारली. उत्तर नाही. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेनऊ. शेजारच्या वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अहो भावोजी, दुपारपासून वीज नाही इथं. तुमचा तो इन्व्हर्टरही निजलाय. आली की बटण दाबते, तुम्ही जेवून घ्या.” मुंजीचा फोटो दुसऱ्या दिवशी न्याहारीला उगवला. भाचेसून हसली, पण फोटो होता, आणि तो मागायला कोणा परक्याच्या दारात जावे लागले नव्हते.

किल्ली कोणाची, हा प्रश्न ओस्लोला नवा नाही, हे मला तिथे फिरता फिरता उमगत गेले. याच शहरात १९६०च्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड या दोघांनी ‘सिम्युला’ नावाची संगणकभाषा रचली. आज जगभर वापरात असलेल्या कित्येक भाषांचे बीज तिच्यात आहे. न्यूगार्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर कामाला लागले. कारखान्यात संगणक येणार तर तो काय करतो हे कामगाराला कळले पाहिजे आणि त्यात त्याचा शब्द चालला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १९७५ साली कामगार आणि मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांनी तशा अर्थाचा करारही केला.

पुढे १९९९ साली योन लेक योहान्सेन या पंधरा वर्षांच्या मुलाने, साथीदारांच्या मदतीने, चित्रपटाच्या तबकड्यांचे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. त्याच्यावर खटला भरला गेला. २००३ साली ओस्लोच्या न्यायालयाने आणि त्याच वर्षी अपिलाच्या न्यायालयानेही त्याला निर्दोष सोडले. विकत घेतलेली तबकडी आपल्या संगणकावर पाहणे हा गुन्हा नव्हे, हा त्यातला मथितार्थ. २००१ साली तिथल्या हौशी लोकांनी शाळांसाठी ‘स्कूलेलिनक्स’ काढले. ते जुन्या संगणकांवरही चाले आणि देशातल्या सामी या अल्पसंख्य लोकांच्या भाषेतही त्याचे भाषांतर झाले. ही भावंडे आपल्याकडेही आहेत. स्कूलेलिनक्स ज्या डेबियनच्या कुटुंबात सामील झाले, ते डेबियन संगणकावर बसवताना मराठीतून सूचना मिळतात. फुकट काम करणाऱ्या कोणीतरी हे मराठीपण त्यात घातले आहे.

गाड्यांच्या बाबतीतही असे प्रयत्न आहेत. नॉर्वेत ‘थिंक’ नावाची इटुकली विजेची मोटार तयार होई. ती कंपनी २०११ साली बुडाली. (आपल्या बंगळूरची ‘रेवा’ही त्या काळी नॉर्वेच्या रस्त्यांवर धावली आहे, हे ऐकून मला केवढा आनंद झाला!) ‘ओव्हीएमएस’ नावाची एक छोटी पेटी आहे. तिचा नकाशा आणि प्रोग्रॅम दोन्ही उघडे आहेत. ती गाडीत बसवली की बॅटरीची खबरबात मालकाला त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर मिळते. या पेटीला चालणाऱ्या गाड्यांच्या यादीत थिंकचे नाव मी वाचले तेव्हा बरे वाटले. कंपनी मेली, पण तिच्या गाडीची नाडी पाहणारे वैद्य अजून आहेत.

कोणी म्हणेल, ब्रेकचे प्रोग्रॅम काय सोम्यागोम्याच्या हाती द्यायचे? मुळीच नाही. इंजिन उघडणारा प्रत्येक मिस्त्री काही शहाणा नसतो, म्हणून आपण तपासणी ठेवली; बॉनेटला कायमचे कुलूप नाही ठोकले. तोच न्याय इथे लावावा. गाडीतला प्रोग्रॅम जाणत्याला वाचता यावा, कंपनी हात वर करील तेव्हा दुसऱ्याला तो सांभाळता यावा आणि माझ्या गाडीची माहिती मला उचलून नेता यावी. एवढे झाले तरी पुष्कळ.

विजेची गाडी घ्यावी असे माझे ठाम मत आहे, आणि ओस्लोच्या स्वच्छ हवेने ते अधिकच पक्के झाले. येत्या पाडव्याला वाचकांपैकी कितीतरी जण नवी गाडी दारात आणतील. तिला झेंडूची माळ घालतील, चाकाखाली लिंबू ठेवतील, पेढे वाटतील. अवश्य वाटावेत. मात्र विक्रेता हसतमुखाने किल्ली हाती ठेवील, तेव्हा पेढा तोंडात टाकण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर ही गाडी काय काय करू शकेल? हिची माहिती कुठे साठते आणि ती मला मिळेल का? आणि तुमच्याखेरीज हिला दुरुस्त करणारा दुसरा कोणी आहे का? विक्रेता गडबडला तर गडबडू द्या. दहा जणांनी विचारले की अकराव्यासाठी तो उत्तर घेऊन येईल. टोलनाक्यावर त्या तिघांनी तरी याहून वेगळे काय केले होते?