शेंडा आणि बुडखा

कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या वाटेला लागले, की पंचगंगेचा पूल ओलांडताच दोन्ही अंगांना उसाचे मळे दिसू लागतात. जवळच प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचा संगम होऊन पंचगंगा पुढे निघते ती येथूनच. या गाळाच्या काळ्या मातीत आमच्या मामांचा मळा आहे.

गेल्या दिवाळीत मुलांना घेऊन तेथे गेलो. पुण्याच्या मुलांना ऊस ठाऊक तो रसवंतीतल्या पेल्यातला. फार तर तुळशीच्या लग्नातला. मामांनी पुंड्या ऊस तोडून आणला. कारखान्याच्या उसाची साल कठीण. हा जाड, रसाळ आणि दातांना मऊ. म्हणून खाण्यापुरती चार बेटे त्यांनी बांधालगत राखली आहेत.

मी मोठ्या ऐटीत कोयता उचलला.

"मास्तर, अंगाकडं न्हाई, भाईर ओढायचा!" मामा ओट्यावरून म्हणाले.

मग रीतसर धडा झाला. आधी ऊस धुऊन पुसायचा. गाठीपाशी तोडून कांडी वेगळी करायची. गाठी टाकून द्यायच्या, त्या दातांना दाद देत नाहीत. कांडे उभे धरून साल खाली तासत न्यायची. मग उभे चार भाग करून बोटभर लांबीचे करवे पाडायचे. आत लाली दिसली किंवा आंबूस वास आला, तर ते कांडे खायचे नाही. आणि सोललेला ऊस ठेवायचा नाही. त्याची गोडी उतरते.

करवे पाडताना शेंड्याकडचा एक तोंडात टाकला. अगदी फिका! उसात साखर साठते ती बुडख्याकडे. आणि मला आठवले, लहानपणी मामा आम्हां भाचरांना बुडखा वाटून देत आणि स्वतः शेंडा चघळत. "मला शेंडाच आवडतो," असे ते म्हणत. आम्ही ते खरे मानले होते!

आता मामांच्या तोंडात दात उरलेले नाहीत. मी बुडख्याच्या बारीक चकत्या केल्या, खलबत्त्यात ठेचल्या आणि स्वच्छ फडक्यातून रस वाटीत पिळला.

मामांनी घोट घेतला. क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"बुडख्याचा हाय न्हवं?" ते म्हणाले, आणि वाटी माझ्या धाकटीपुढे धरली.

"तिला दिलाय, मामा," मी म्हणालो, "हा तुमचा."